उठवून पाठवणार कुठे?

नवरात्र तोंडावर आलं की कोल्हापुरात एक मागणी ठरल्यासारखी पुढे येते. महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक, मध्यवर्ती बसस्थानकाचा परिसर, पंचगंगा घाट, इथे पथारी टाकून झोपणाऱ्यांना हटवा. बाहेरगावचे भाविक येतात, शहराची अब्रू जाते, बायकामुलींना रात्री त्या वाटेनं जायला नको वाटतं, सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. ही तक्रार खोटी नाही. रोज सकाळी दुसऱ्याची घाण धुणाऱ्या माणसाला माणुसकीचे धडे देऊन काही साधत नाही. बेघरांची बाजू मांडणाऱ्यांनी त्याचं म्हणणं झटकून टाकलं की पुढचं कुणी ऐकतच नाही.

तरीही रस्त्यावर झोपण्याला सरसकट बंदी घालावी, दंड करावा, उचलून न्यावं, हे मला मान्य नाही. जो माणूस झोपलाय त्याला जाता येईल अशी जागा दाखवता येत नाही, तोवर बंदीचा विषय काढू नये. आणि तशी जागा दाखवता आली, तर बंदीची गरज फारच थोड्यांपुरती उरते. ‘जाता येईल अशी’ हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. सगळा घोळ तिथेच आहे.

हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ग्रँट्स पास नावाचं एक गाव आहे, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत, आपल्या इचलकरंजीच्या पासंगालाही न पुरणारं. तिथे सार्वजनिक जागेत पांघरूण अंथरून झोपलं तर २९५ डॉलर दंड होता. गावाचा स्वतःचा निवारा नव्हता. एक धार्मिक संस्था खाटा द्यायची, पण विडी-सिगारेट बंद आणि प्रार्थनेला हजेरी सक्तीची. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की असा दंड म्हणजे घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. त्यानंतर तिकडच्या अनेक शहरांनी असे नियम केले. हंगेरीनं तर २०१८ मध्ये उघड्यावर राहण्याची बंदी थेट राज्यघटनेत घातली. उलट इंग्लंडमध्ये १८२४ पासून चालत आलेला भटक्यांविरुद्धचा कायदा रद्द करण्याची तरतूद संसदेनं २०२२ मध्ये केली.

ज्याच्याकडे रात्रीच्या खोलीचे पैसे नाहीत त्याला २९५ डॉलर दंड केला, तर तो भरणार कुठून? दंड थकला की रक्कम वाढते, मग अटक, मग नावावर गुन्हा. गुन्हा नावावर असलेल्याला काम कोण देणार आणि खोली भाड्यानं कोण देणार? म्हणजे रस्त्यावरून घरात जायची जी काही वाट असते, ती दंडाच्या पावतीनं बंद होते.

आपल्याकडे ‘झोपायला बंदी’ असा नाव घेऊन केलेला कायदा नाही. पण तेच काम करणारा एक कायदा आहे, १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. त्यातली भीक मागण्याची व्याख्या शब्दशः वाचावी. पोट भरण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबणं, आणि त्याच्या एकूण अवस्थेवरून तो भिकेवर जगत असावा असं वाटणं, एवढ्यानंही माणूस त्यात बसतो. हात पसरलेला असावाच लागत नाही. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबता येतं. सेंट्रिंगचं काम सुटलेला, मळक्या कपड्यांतला मजूर स्टँडवर झोपला असेल तर त्याच्याकडे ‘दिसेल असं साधन’ काय आहे? दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा तसाच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रोडवर बसतंय, त्यामुळे सहा जिल्ह्यांतल्या लोकांना दाद मागायला आता मुंबई गाठायला नको. इथल्या वकील मंडळींनी हा विषय हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

खरं तर कोल्हापूरला हे सांगावं लागू नये. काही जातींच्या माणसांनी रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, ही पद्धत शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. माणूस कुठे उभा आहे आणि कसा दिसतो यावरून त्याला गुन्हेगार धरायचं नाही, हा विचार या गावात शंभर वर्षांपूर्वी अंमलात आलेला आहे.

दुसरा मोठा निकाल १९८५ चा. जुलै १९८१ मध्ये मुंबईत भर पावसात फूटपाथवरच्या झोपड्या पाडल्या गेल्या. याचिका करणाऱ्यांमध्ये तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर होता. त्याची झोपडी पाडून त्याला सेलमच्या बसमध्ये बसवून देण्यात आलं. गावात काम नव्हतं म्हणूनच तो १९६१ मध्ये मुंबईला आला होता. आताही गावात काम नव्हतंच, म्हणून तो परत आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो असं सांगितलं. त्याच निकालात फूटपाथ अडवून बसण्याचा हक्क कुणालाही नाही, हेही सांगितलंय. दोन्ही बाजूंचे लोक या निकालातला आपल्या सोयीचा अर्धा भाग घेऊन भांडतात. न्यायालयानं मधली वाट दाखवली होती: हटवता येईल, पण नोटीस देऊन, ऐकून घेऊन, आणि पावसाळा सरेपर्यंत थांबून. त्या वेळी ३१ ऑक्टोबर ही तारीख घालून दिली होती.

महानगरपालिका अधिनियमाच्या २३१ व्या कलमानं आयुक्तांना रस्त्यावर ठेवलेली पेटी, बाकडं, गाठोडं नोटीस न देता उचलता येतं. कारवाईत बहुतेक वेळा माणूस गाडीत चढतच नाही. चढतं त्याचं बोचकं. वरून बघणाऱ्याला ती चिंध्यांची मोट दिसते. सोडून बघा. एक वाकळ, एक चादर, जर्मनचं ताट, तंबाखू-चुन्याची डबी. मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि त्यात आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सीपीआर या सरकारी दवाखान्याचा केसपेपर, गोळ्यांची पाकिटं, क्वचित एखादा घडी पडून फाटलेला फोटो. फूटपाथवरच्या माणसाची सगळी कागदोपत्री ओळख या आतल्या पिशवीत असते. डंपरमध्ये पडली की ती गेली.

पुढे काय होतं ते क्रमानं बघू. आधार गेलं आणि मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि वर्षानुवर्षं सिमेंट-विटांत काम केलेल्या बोटांचे ठसे मशीन पटकन घेत नाही. आधारशिवाय रेशनचं माणशी पाच किलो धान्य अडतं, निराधार पेन्शनचा अर्ज अडतो. क्षयरोगाचा रुग्ण असेल तर साधा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा; गोळ्या मध्येच सुटल्या की औषधाला दाद न देणारा क्षय होण्याचा धोका. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात ते बँक खात्यात, आणि खात्याचं पुस्तक त्याच बोचक्यात. शहर एक फूटपाथ एका सकाळपुरता मोकळा करतं आणि एका माणसाला सहा महिने मागे ढकलतं.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात जप्त मालाची यादी द्यायची, नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत परत करायचा, असं लिहिलंय. बेघराच्या बोचक्याला हाच नियम लावायला काय हरकत आहे? दोन प्रतींची पावती, बोचक्याला सुतळीनं बांधलेला नंबर, ठेवायची जागा निवारा केंद्रातच, तीस दिवसांची मुदत. कागदपत्रं, औषधं, चष्मा, कुबड्या कधीच उचलायच्या नाहीत. यासाठी नवा निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

आता खाटांचा प्रश्न. “निवारा आहे की, तिकडे जात का नाहीत?” हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि रिकाम्या खाटा दाखवून ‘यांना रस्त्यावरच राहायचंय’ असा निष्कर्ष काढला जातो. कुठल्याही शहरात खाटा रिकाम्या राहतात त्याची कारणं ठरलेली असतात आणि ती दुरुस्त करता येतात.

पहिलं कारण अंतर. बेघर माणूस बहुतेक वेळा कामाजवळ झोपतो. मार्केट यार्डात पहाटेच्या गाड्या उतरवणारा हमाल, कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्सचं सामान चढवणारा, स्टँडवर पहाटे पेपरचे गठ्ठे फोडणारा, यांना चार-पाच किलोमीटर लांबची खाट उपयोगाची नाही. त्या वेळी बस नसते आणि रिक्षाला रोजातला मोठा तुकडा जातो. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्रानं २०१३ मध्ये जे निकष घातले, त्यातच रेल्वे स्टेशन, बसस्थानक, बाजारपेठ यांच्या जवळ निवारा असावा असं म्हटलंय. शहराच्या टोकाला स्वस्त जागा मिळाली म्हणून बांधलेलं केंद्र कागदावरच भरलेलं राहतं.

दुसरं, कुटुंब. पुरुषांचा हॉल आणि बायकांचा हॉल एवढंच असेल तर नवरा-बायको आणि दोन पोरं फुटतात. बाई परक्या ठिकाणी एकटी थांबायला तयार होत नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कुठल्या हॉलमध्ये घालायचं यावरून दारातच वाद होतो. रंकाळ्यावर, मंदिराभोवती फुगे-खेळणी विकणारी बहुतेक माणसं कुटुंबानं असतात. त्यांच्यासाठी मोठा हॉल कामाचा नाही. दहा बाय दहाच्या खोल्या, निदान प्लायवूडच्या आडोशाचे कप्पे आणि आतून लावता येणारी कडी हवी.

तिसरं, दाराची वेळ. रात्री नऊ-दहाला दार बंद होणार असेल तर लग्नातला वाढपी, हॉटेलात भांडी घासणारा, रात्रपाळीचा मदतनीस आपोआप बाहेर राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये निवारे चोवीस तास, बारा महिने उघडे ठेवायला सांगितलं, त्यामागे हेच आहे.

चौथं, दारू. इथे नियम लिहिताना दोन वाक्यांत गल्लत होते. ‘दारू आत आणायची नाही’ हा नियम बरोबर. ‘प्यायलेल्यानं आत यायचं नाही’ हा नियम चूक, कारण मग नेमका तोच माणूस फूटपाथवर उरतो ज्याच्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार सगळ्यात जास्त असते. त्याच्यासाठी दाराजवळ चार-पाच खाटांची वेगळी खोली, फरशी धुता येईल अशी, आणि त्या बाजूला एक धीराचा काळजीवाहक ठेवावा लागतो. ज्याला वर्षानुवर्षं रोजची सवय आहे त्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फीट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. म्हणून व्यसन सोडवणं निवाऱ्यानं स्वतः करायचं काम नव्हे, ते दवाखान्याचं.

पाचवं, ढेकूण आणि खरूज. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकदा ‘तिथं ढेकणं हायत’ अशी बातमी स्टँडवर पसरली की महिनाभर कुणी फिरकत नाही. खरजेवर एकट्या रुग्णाला मलम देऊन भागत नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत पाच टक्के परमेथ्रिन लावायचं, सकाळी आंघोळ, आठ दिवसांनी पुन्हा एकदा, आणि पहिल्याच सकाळी सगळ्या चादरी-कपडे गरम पाण्यातून काढायचे. एक जण सुटला की पंधरवड्यात पुन्हा सगळे खाजवायला लागतात. शंभर खाटांना तीनशे चादरी लागतात: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक वाळत. कोल्हापूरच्या आषाढात चादर चार-चार दिवस वाळत नाही, तेव्हा बजेट करतानाच जून ते सप्टेंबरसाठी लाँड्रीचा ठेका किंवा ड्रायर धरावा लागतो. हा खर्च सहसा कुणी धरत नाही, आणि ओल्या वासाच्या चादरींमुळे पहिल्याच पावसाळ्यात केंद्राचं नाव खराब होतं.

ओळखपत्राची अट हे सहावं कारण. ज्याचं बोचकं कालच गेलं त्याला आज दारात आधार मागायचं, हे कोणत्या न्यायात बसतं? निवडणूक आयोगाची पद्धत बघा. बेघर माणसानं मतदार नोंदणीचा अर्ज केला तर केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन हा माणूस खरंच तिथं झोपतो का ते एकापेक्षा जास्त रात्री बघतो, आणि तेवढ्यावर पत्ता मान्य होतो. मत देण्यासाठी जो फूटपाथ पत्ता म्हणून चालतो, तो एका रात्रीच्या खाटेसाठी चालू नये? दारात नाव, अंदाजे वय, गाव, एक फोटो, एवढी नोंद पुरे. कागदपत्रं काढून देणं हे आत आल्यानंतरचं काम.

आता आपल्या शहराचा हिशोब. निकष असा की एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे जुन्याच आकड्यानं ५५० जागा, २७,५०० चौरस फूट, जवळपास २५ गुंठे. एकाच ठिकाणी नको. पन्नास ते शंभर जणांची सहा-सात केंद्रं: स्टँड-स्टेशनच्या बाजूला एक पुरुषांचं आणि एक कुटुंबांचं, मंदिर-गंगावेश भागात वृद्धांचं आणि एकट्या बायकांचं, मार्केट यार्डाकडे कामगारांचं, सीपीआरच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांचं. शंभर जणांच्या केंद्राला पाच हजार चौरस फूट, म्हणजे एकमजली धरलं तरी पाच गुंठ्यांच्या आत. पालिकेचा वापरात नसलेला हॉल, पट घटल्यामुळे मोकळ्या पडलेल्या शाळेच्या खोल्या, यांची यादी वॉर्डनिहाय काढली तर सुरुवात नव्या बांधकामाशिवाय होऊ शकते. संडासासाठी सामुदायिक शौचालयाचा निकष पुरुषांना पस्तिसांमागे एक आणि बायकांना पंचविसांमागे एक असा आहे. पण सकाळी पाच ते सहा या तासातच सगळ्यांना कामाला निघायचं असतं, म्हणून माझ्या मते दहामागे एक हवा. नाहीतर रांगेला कंटाळलेला माणूस बाहेरच्या गटारीवर बसतो आणि शेजारच्या कॉलनीचा मोर्चा निघतो.

माणसांचा हिशोबही नीट मांडावा. तीन पाळ्या म्हणजे तीन काळजीवाहक, असं अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं. आठवड्यात पाळ्या होतात एकवीस, एक माणूस करतो सहा. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं, आजारपण-रजा धरून चार. तिघांवर चालवलेल्या केंद्रात रविवारी रात्री दाराला कुलूप असतं किंवा एकच माणूस सलग सोळा तास जागा असतो. भांडणं आणि चोऱ्या अशाच रात्री होतात. शिवाय प्रत्येकाला कुलपाचा कप्पा. दोन फूट बाय दीड फूट पुरतो. हा कप्पा नसेल तर बोचकं उशाला घेऊन अर्धवट झोपावं लागतं, आणि अर्धवटच झोपायचं तर फूटपाथ काय वाईट, असं माणूस म्हणतो.

पैशाचं काय? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून या निवाऱ्यांना निधी यायचा. ते अभियान सप्टेंबर २०२४ अखेर संपलं. म्हणून पालिकेनं आपल्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतःचं शीर्ष ठेवणं भाग आहे. एखाद्या संस्थेच्या भल्या माणसांच्या खांद्यावर सगळं टाकून बिलं वेळेवर दिली नाहीत, की पहिल्यांदा दूध बंद होतं, मग रात्रीचा माणूस, मग केंद्र.

“सोय केली की सगळ्या जिल्ह्यातले इथंच येतील,” हा आक्षेप घेतला जातो. कोल्हापूरला माणूस येतो तो कामासाठी, सीपीआरच्या उपचारासाठी, अंबाबाईच्या दारी दोन घास मिळतील म्हणून. यातलं काहीही खाटेमुळे येत नाही आणि खाट नसल्यामुळे थांबत नाही. सेलमच्या बसची गोष्ट हेच सांगते. शिवाय निकष प्रत्येक शहराला आहे. सांगली-मिरजेनं आणि इचलकरंजीनं आपापला वाटा उचलला पाहिजे, हा आग्रह कोल्हापूरकरांनी जरूर धरावा.

बेघर म्हणून जो घोळका आपल्याला दिसतो, त्यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. मंदिराच्या आसपास सोडून दिलेली म्हातारी माणसं असतात. २००७ च्या कायद्यानं ज्येष्ठांना प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणापुढे महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो, आणि सोडून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अर्ज भरून देणारं कुणी नसतं एवढंच. मानसिक आजार असलेला माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर २०१७ च्या कायद्याच्या १०० व्या कलमानुसार त्याला संरक्षणात घेणं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं, लॉकअपमध्ये अजिबात न ठेवणं आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधणं, हे पोलिसांचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात जवळचं मनोरुग्णालय रत्नागिरीला, आंबा घाट उतरून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. गाडी कोण देणार, बरोबर महिला पोलीस कोण, बरा झाल्यावर परत आणायला कोण जाणार, यावर सगळं अडतं. म्हणून सीपीआरमधला मानसोपचार विभाग, पोलीस आणि निवारा यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मिळून स्टँड-स्टेशनवर फिरावं. महिन्याला मिळणाऱ्या इंजेक्शनवर बरेच जण निवाऱ्यातच सावरू शकतात. एकटं मूल दिसलं तर १०९८ वर फोन आणि चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती. त्याला मोठ्यांच्या निवाऱ्यात घालायचं नाही.

मग एवढं करूनही जो नाही म्हणेल त्याचं काय? असे लोक असतात. त्यांच्यासाठी नियम असावेत, आणि ते जागेचे आणि वेळेचे असावेत. मंदिराची दारं, दवाखान्याचा रॅम्प, शाळेचं फाटक, दुकानाची पायरी, बसथांबा, इथं झोपायचं नाही. बाकी ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा. सहानंतर अंथरूण गुंडाळून ठेवायचं, चालणाऱ्याला वाट मोकळी हवी. लॉस एंजेलिस शहरानं २००७ मध्ये कोर्टातल्या तडजोडीत असंच केलं होतं: ठरलेली १,२५० घरं होईपर्यंत रात्री नऊ ते सकाळी सहा झोपायला आडकाठी नाही. दुकानदाराला यात काय मिळतं? सकाळची पायरी स्वच्छ मिळते आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचा नंबर मिळतो. आज त्याला दोन्ही मिळत नाही. आणि रात्री उघडं असलेलं सार्वजनिक शौचालय हवं. रात्री त्याला कुलूप लावायचं आणि सकाळी घाणीबद्दल बेघरांना शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

हे सगळं मोजणीपासून सुरू होतं आणि मोजणी रात्रीचीच हवी. दिवसा फिरून बेघर मोजले की अर्धे कामावर असतात आणि भीक मागणारे तेवढे वहीत येतात. रात्री अकरा ते पहाटे चार, वॉर्डनिहाय तिघांचं पथक, त्यात एक बाई आणि एक आजवर रस्त्यावर राहिलेला माणूस, ज्याला कोपरे माहीत असतात. बॅटरी तोंडावर मारायची नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, पोलीस मागे पन्नास पावलांवर. एका रात्रीवर विसंबायचं नाही. एक साधा वार, एक शुक्रवार किंवा पौर्णिमा, आणि एक पावसाची रात्र. जनगणनेतही बेघरांची मोजणी एकाच रात्री होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात १७.७३ लाख बेघर नोंदले गेले. येत्या २०२७ च्या जनगणनेआधी पालिकेची स्वतःची वॉर्डनिहाय यादी तयार असेल, तर त्या रात्री घाटावरचा आणि पुलाखालचा माणूस सुटणार नाही.

आणि कोल्हापूरपुरती एक तारीख अशी आहे जी नवरात्रापेक्षा महत्त्वाची. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी घाटावर चढलं की तिथे झोपणारा पहिल्यांदा उठतो, कुणी उठवायच्या आधी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरानं हजारो घरवाल्यांची सोय शाळांत आणि मंगल कार्यालयांत केली, रात्रीतून भाकरी गोळा केल्या. पूरग्रस्तांच्या यादीत मात्र नाव चढतं ते घरपट्टी किंवा रेशनकार्ड बघून. घाटावरच्या माणसाकडे दोन्ही नसतं. म्हणून मृग लागायच्या आत, मे अखेर, चार गोष्टी तयार असाव्यात: रात्रीच्या मोजणीची यादी, पुराच्या वेळी घाटावरच्या लोकांना कोणत्या शाळेत न्यायचं तिचं नाव, त्या शाळेच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याचा मोबाईल नंबर, आणि शंभर कोरड्या चादरी.